हेडफोन बदलण्याआधी हे करून बघा: डेस्कटॉप कॉम्प्युटरवर हेडफोनचा आवाज कसा सुधारायचा?

दिवाळीला गावी, म्हणजे इंदापूर तालुक्यातल्या शेळगावला गेलो होतो. चुलतभाऊ बीसीएला आहे. त्याने सेकंडहँड डेस्कटॉप घेतलाय आणि त्यावर कोडिंग शिकतोय. मला बघताच म्हणाला, "दादा, माझा हेडफोन बाद झालाय. पाच हजारापर्यंत एखादा चांगला सांग ना."

मी हेडफोन कानाला लावला. गाण्याच्या मागे सतत 'घूंऽऽ' असा आवाज येत होता. तो दाबण्यासाठी पठ्ठ्याने व्हॉल्यूम ९० च्या पुढे ठेवला होता. रात्री झोपताना कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं, हेही त्याने सहज बोलता बोलता सांगितलं. मागची वायर बघायला मी टेबलाखाली वाकलो, तर काकू आतून ओरडली, "त्या डब्याला हात नको लावू रे, चावतंय ते!"

तिथेच माझ्या लक्षात आलं की हेडफोनचा काही दोष नाही. दोन दिवसांत आवाज स्वच्छ झाला आणि नवीन हेडफोन घ्यावाच लागला नाही. आम्ही काय काय केलं, ते या लेखात क्रमाने सांगतो. तुमच्याकडे कुठलाही हेडफोन असू द्या, क्रम हाच ठेवा.

थोडक्यात सांगायचं तर:

- आधी नको असलेला आवाज काढा, मग हवा असलेला आवाज सुधारा.
- फुकटचे उपाय आधी करा, पैशांचे नंतर.
- आवाज सुधारला की नाही, याची खूण एकच: आधीपेक्षा कमी व्हॉल्यूमवर सगळं नीट ऐकू यायला लागतं.

मोबाइलवर चांगला, कॉम्प्युटरवर खराब, असं का?

सगळ्यात आधी तोच हेडफोन मोबाइलला लावून तेच गाणं ऐका. मोबाइलवर आवाज स्वच्छ आला तर हेडफोन ठीक आहे, गडबड कॉम्प्युटरच्या बाजूला आहे. दोन्हीकडे सारखाच खराब आला, तर मात्र हेडफोन, त्याची वायर किंवा पिन तपासा.

मोबाइल बॅटरीवर चालतो. डेस्कटॉप चालतो घरातल्या २३० व्होल्टच्या लाइटवर. त्याच्या डब्यात पॉवर सप्लाय, पंखे, ग्राफिक्स कार्ड अशी बरीच मंडळी एकमेकांना खेटून बसलेली असतात. गाणं कॉम्प्युटरमध्ये असतं आकड्यांच्या रूपात. त्या आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात आणि त्या लहरींना हेडफोन हलवण्याइतकी ताकद देतो तो ॲम्प्लिफायर. बहुतेक डेस्कटॉपमध्ये हे दोन्ही मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये असतात. म्हणजे नाजूक काम करणारा माणूस पिठाच्या गिरणीत बसवल्यासारखं आहे हे.

पायरी १: खरखर कसली आहे ते ओळखा

गाणं बंद करा, व्हॉल्यूम मध्यावर ठेवा आणि शांत बसून ऐका. साधारण तीन प्रकारचे आवाज येतात.

'घूंऽऽ' अशी जाड, न थांबणारी गुणगुण असेल, तर तिचं मूळ घरातल्या विजेत आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं पूर्ण करते. ती लहर ऑडिओच्या वायरमध्ये शिरली की ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते.

माउस हलवला, फाइल कॉपी केली किंवा गेम सुरू केला की 'चिर्रर्र' होत असेल, तर तो कॅबिनेटच्या आतल्या भागांचा गोंगाट आहे.

'सऽऽऽ' असा वाळू सरकल्यासारखा सतत आवाज असेल, तर तो बहुतेक वेळा ॲम्प्लिफायरचा स्वतःचा आवाज असतो. अतिसंवेदनशील इअरफोनमध्ये तो जास्त जाणवतो.

गुणगुण येत असेल, तर कॉम्प्युटरला जोडलेल्या बाकीच्या वस्तू एकेक करून काढा. टीव्हीला गेलेली एचडीएमआय केबल, स्पीकर, इंटरनेटची केबल, सगळं. दर वेळी एकच वस्तू काढायची आणि ऐकायचं. भावाचा हेडफोन थेट कॉम्प्युटरला नव्हताच. तो स्पीकरच्या बॉक्सवरच्या जॅकमध्ये होता आणि कॉम्प्युटर शिवाय एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला होता. स्पीकर बाजूला करून हेडफोन थेट कॉम्प्युटरला लावला, तेव्हा गुणगुण एकदम खाली आली. पण माइकमध्ये ती होतीच. मीटिंगमध्ये समोरच्याला ती ऐकू जायची आणि कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला की कमी व्हायची. ही पक्की खूण आहे: अर्थिंग नाही.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर असतानाच भणभण होत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का ते बघा. त्यातून निघणारी वीज गुळगुळीत लहरीऐवजी पायऱ्या-पायऱ्यांची असते. पंखासुद्धा त्यावर भणभणतो. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास होत नाही.

पायरी २: अर्थिंग. आवाजासाठी नाही, जिवासाठी

आता काकूच्या 'चावतंय' या शब्दाकडे येऊ. ही पायरी वगळू नका.

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हीकडून लोखंडी बॉडीकडे जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. विजेतला कचरा अर्थिंगच्या वायरने जमिनीत सोडून देणं, हे त्यांचं काम. अर्थिंगच नसेल तर तो कचरा जाणार कुठे? मग कॅबिनेटच्या बॉडीवर २३० च्या साधारण निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब चढून बसतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. हाच करंट एचडीएमआय, स्पीकर, माइक अशा मिळेल त्या वायरने वाट काढतो आणि त्याचा आवाज आपल्याला 'घूं' असा ऐकू येतो.

झिणझिण्यांपर्यंत ठीक, असं समजू नका. उद्या पॉवर सप्लायच्या आत काही जळालं आणि फेजची वायर थेट बॉडीला टेकली, तर पूर्ण २३० व्होल्ट त्या डब्यावर येतात. अर्थिंग असेल तर फ्यूज किंवा एमसीबी उडून वीज बंद होते. नसेल तर डबा तसाच जिवंत राहतो, हात लावणाऱ्याची वाट बघत. हेडफोन तर आपण थेट कानाला लावून बसतो.

भिंतीवर तीन भोकांचा सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं नाही. आमच्या घरात वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नव्हती. म्हणून हे काम स्वतः करू नका, परवानाधारक वायरमनला बोलवा. तो मीटरने फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे तीन दाब मोजतो. पहिले दोन जवळपास सारखे आणि तिसरा अगदी कमी यायला हवा.

दोन जुगाड मात्र कधीच करू देऊ नका.

पहिला: सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडणं. आमच्याकडे आलेल्या पहिल्या माणसाने हाच 'उपाय' सुचवला होता. यात पुढे कुठे न्यूट्रल तुटली, तर घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर २३० व्होल्ट येऊ शकतात.

दुसरा: गुणगुण थांबावी म्हणून प्लगची जाड पिन तोडणं. गुणगुण कदाचित थांबेल, पण सुरक्षितता गेली.

योग्य पद्धत म्हणजे घराबाहेर खड्डा घेऊन त्यात रॉड, पाइप किंवा प्लेट पुरायची आणि तिथून वायर बोर्डापर्यंत आणायची. जुन्या पद्धतीत खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, आता तयार पावडरही मिळते. भारतीय मानक आयएस ३०४३ मध्ये अर्थिंगचे नियम दिलेले आहेत. आमच्याकडे उन्हाळ्यात जमीन वाळून भेगा पडतात आणि माती कोरडी झाली की अर्थिंग कमजोर होतं. त्यामुळे अधूनमधून खड्ड्यात पाणी घालावं लागतं. सोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळायला लागला की तो लगेच वीज तोडतो.

आमचं अर्थिंग झालं त्या संध्याकाळी माइकची गुणगुण गेली. काकूने स्वतः कॅबिनेटवरून फडकं फिरवलं. पाच हजारांच्या हेडफोननेही हे झालं नसतं.

पायरी ३: पिन कुठे लावताय?

कॅबिनेटच्या पुढचा जॅक हाताशी असतो, पण मदरबोर्डपासून तिथपर्यंत येणारी बारीक वायर पंखे आणि ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून येते. माउस हलवल्यावर होणारी 'चिर्रर्र' बऱ्याचदा तिथेच शिरते. म्हणून मागच्या बाजूच्या हिरव्या जॅकमध्ये लावून बघा. गुलाबी जॅक माइकचा, निळा लाइन-इनचा. वायर पुरत नसेल तर साधी एक्स्टेंशन केबल घ्या.

मोबाइलच्या हेडफोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा, म्हणजे चार भाग असतात. चौथा भाग माइकचा. हिरव्या जॅकमध्ये त्याचा आवाज येतो, पण माइक चालत नाही. त्यासाठी एका पिनचे दोन फाटे करणारा वाय-स्प्लिटर लागतो.

आणखी एक गंमत. गाणं चालू आहे, वाद्यं ऐकू येतात, पण गायकाचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा किंवा गायबच? पिन पूर्ण आत गेलेली नाही. ग्राउंडचा भाग टेकत नसला की हेडफोनला डाव्या-उजव्या आवाजातला फक्त फरक मिळतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा असतो, त्यामुळे तोच नेमका कापला जातो. पिन दाबून बसवा, जॅकमधली धूळ काढा.

पायरी ४: विंडोजमधली सेटिंग्ज

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग साउंड उघडा आणि आपल्या हेडफोनच्या नावावर क्लिक करा.

१. फॉरमॅट: २४ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवा. माणसाला जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि एखादी लहर नीट टिपायला तिच्या दुपटीपेक्षा थोडे जास्त नमुने पुरतात. म्हणूनच सीडी ४४,१०० वर ठरली. १,९२,००० निवडून कानाला काही मिळत नाही.

२. ऑडिओ एनहान्समेंट्स: बंद करा. यामुळे बेस फुगतो आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

३. मोनो ऑडिओ: हे चुकून चालू नाही ना ते बघा. चालू असेल तर डावं-उजवं एकच होतं.

४. कॉलच्या वेळी गाणं आपोआप बारीक होतं? कंट्रोल पॅनेलमधल्या साउंडमध्ये कम्युनिकेशन्स टॅबवर 'डू नथिंग' निवडा.

व्हॉल्यूम तीन ठिकाणी असतो: विंडोजचा, ॲपचा आणि कधी कधी हेडफोनच्या वायरवरचा. ॲपचा आणि वायरवरचा वर ठेवून विंडोजच्या व्हॉल्यूमने कमी-जास्त करा. सुरुवात कमीपासून करा, नाहीतर कानठळ्या बसतील.

मूळ गाणंच खराब असेल, तर पुढचं सगळं वाया जातं. कमी बिटरेटची एमपी३ फाइल कुठल्याही हेडफोनवर चांगली वाजणार नाही. म्युझिक ॲपमध्ये क्वालिटी 'हाय' किंवा ३२० केबीपीएस करून घ्या.

पायरी ५: ब्लूटूथ असेल तर

"इअरबड्स मोबाइलवर भारी वाजतात, पण कॉम्प्युटरवर मीटिंग सुरू झाली की जुन्या रेडिओसारखे." असं मला ऑफिसातही दर आठवड्याला कुणीतरी सांगतं.

कारण साधं आहे. गाणं ऐकताना ब्लूटूथ सगळी जागा तुमच्याकडे येणाऱ्या आवाजासाठी वापरतं आणि स्टिरिओ मिळतो. इअरबड्सचा माइक चालू झाला की तो फोन कॉलच्या पद्धतीवर जातो. मग आवाज मोनो होतो आणि नमुने सेकंदाला ८,००० किंवा १६,००० च होतात. म्हणजे ४,००० किंवा ८,००० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. टाळ, बासरीची फुंक, 'स' आणि 'श' यांची धार, सगळं गेलं.

उपाय: मीटिंगच्या ॲपमध्ये माइक म्हणून इअरबड्स न निवडता वेबकॅमचा किंवा वेगळा माइक निवडा. आवाज लगेच पूर्वीसारखा होतो. गेममध्ये व्हॉइस चॅट करताना हेच होतं, तिथेही हाच उपाय. डेस्कटॉपला ब्लूटूथचा डोंगल असेल तर तो कॅबिनेटच्या मागे न लावता छोट्या यूएसबी एक्स्टेंशनने वर, मोकळ्या जागेत आणा. यूएसबी ३ च्या पोर्टजवळ ब्लूटूथचा सिग्नल अडखळू शकतो.

पायरी ६: फिटिंग आणि इक्वलायझर

बेस नाही अशी तक्रार असेल, तर आधी इअरफोनच्या रबरी टिप्स बदला. बॉक्समध्ये लहान-मोठ्या आकाराच्या टिप्स मिळतात, त्या टाकून देऊ नका. कानात फट राहिली की बेस बाहेर निघून जातो. मोठ्या हेडफोनची गादी फाटली असेल तरी तेच होतं. जाळीवर मळ असेल तर कोरड्या मऊ ब्रशने काढा.

मग इक्वलायझर. विंडोजसाठी 'इक्वलायझर एपीओ' हे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि त्यावर सोपी बटणं देणारं 'पीस' नावाचं दुसरं. लिनक्सवर 'इझीइफेक्ट्स' वापरा. 'ऑटोइक्यू' या मोफत प्रकल्पात शेकडो हेडफोनची मोजमापं आणि तयार आकडे आहेत. आपलं मॉडेल शोधायचं आणि ते आकडे पीसमध्ये भरायचे.

मॉडेल सापडलं नाही तर कानाने करा. आमच्या बारामती–इंदापूर रस्त्याने दरवर्षी तुकोबांची पालखी जाते, त्यामुळे टाळ-मृदंगाचा खरा आवाज गावातल्या प्रत्येकाच्या कानात बसलेला आहे. मी तोच मापदंड धरतो. भजनाचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग लावा. मृदंगाची धुम नुसती 'भम्म' अशी पसरत असेल, तर १०० ते २५० हर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबल कमी करा. गायकाचे शब्द मागे पडत असतील, तर २,००० ते ४,००० किंचित वाढवा. टाळ किंवा 'स' कानात टोचत असेल, तर ५,००० ते ८,००० कमी करा.

दुसरी चाचणी 'सैराट'ची. उजनीच्या पलीकडे करमाळ्याच्या परिसरात चित्रीत झालेल्या या २०१६ च्या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्राचं रेकॉर्डिंग थेट लॉस एंजेलिसमध्ये केलं होतं. त्यातली व्हायोलिन्स एकाच गोळ्यासारखी न वाटता डावी-उजवीकडे पसरलेली वाटली, तर तुमचं काम जमलं.

एक नियम पाळा: वाढवण्यापेक्षा कमी करणं बरं. कुठलाही भाग ६ डेसिबलने वाढवला, तर 'प्रीॲम्प' तेवढाच, म्हणजे उणे ६ करा. नाहीतर मोठ्या आवाजाला गाणं फाटतं.

पैसे खर्च करायचेच असतील तर

एवढं करूनही 'चिर्रर्र' राहिली, तर पहिला खर्च छोट्या यूएसबी डॅकवर करा. मोबाइलला लावतो तो टाइप-सी ते ३.५ मिमी डोंगलही चालतो. त्यात डॅक असेल आणि कन्व्हर्टर लावला तर डेस्कटॉपच्या साध्या यूएसबी पोर्टलाही बसतो. नाजूक काम डब्याच्या बाहेर आलं की आतला गोंगाट बराचसा आतच राहतो.

मोठा ॲम्प्लिफायर सगळ्यांना लागत नाही. मोबाइलसोबतचे इअरफोन १६ ते ३२ ओहमचे असतात, त्यांना डोंगल पुरतो. सेनहायझर एचडी ६०० सारखे ३०० ओहमचे स्टुडिओ हेडफोन असतील, तरच त्याचा विचार करा. सोन्याचा मुलामा दिलेली यूएसबी केबल मात्र घेऊ नका. केबलमधून आकडे जातात, त्यांना सोन्याचं कौतुक नसतं.

किती मोठ्याने ऐकायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित ऐकण्याच्या मानकानुसार मोठ्या माणसांसाठी मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी आहे. प्रत्येक ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलवर आठवड्याला जेमतेम ४ तास. म्हणजे रोज अर्धा तास.

भावाचा खरा धोका हाच होता. गुणगुण दाबायला तो आवाज वाढवत होता आणि किंमत कान मोजत होते. कानाच्या आतल्या ज्या बारीक पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. कानात शिट्टी वाजत असेल तर काही दिवस हेडफोन बंद ठेवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. मी त्यालाही आधी तेच करायला लावलं.

नेहमी पडणारे प्रश्न

*गेमिंग हेडफोनमधला ७.१ खरा असतो का?*
बहुतेकांत दोनच स्पीकर असतात, बाकी सॉफ्टवेअरची करामत. गेममध्ये दिशा ओळखायला कधी मदत होते, गाण्यांसाठी बंद ठेवा.

*लॅपटॉपला चार्जर लावला की खरखर येते, काय करू?*
चार्जर काढून बघा. थांबली तर वीज किंवा चार्जर कारणीभूत आहे. अर्थिंग तपासा आणि तीन पिनचा मूळ चार्जर वापरा.

*एकाच बाजूने आवाज येतो?*
पिन जॅकमध्ये फिरवून बघा. आवाज येत-जात असेल तर वायर पिनजवळ तुटली आहे. नसेल तर विंडोजमधला डावा-उजवा व्हॉल्यूम सारखा आहे का ते तपासा.

परवा भावाचा फोन आला होता. हेडफोन तोच आहे, व्हॉल्यूम आता ४० वर असतो. शिल्लक राहिलेल्या पैशांचं काय केलं विचारलं, तर म्हणाला, "अर्ध्या पैशात आजीच्या खोलीतही अर्थिंगची वायर ओढली."